भाव खाणारा नट आणि भाव खाणारं पात्र

उत्सवात 'एकच प्याला' नाटक संपलं की देवळाच्या आवारात हमखास ऐकू येतं: "सुधाकराचा पार्ट बरो, पण भाव खाऊन गेला तो तळीराम." गोव्यात मराठी रंगभूमी गावोगावच्या जत्रांनी जगवली. इथला प्रेक्षक हे वाक्य सहज बोलून जातो आणि नटालाही ते बक्षिसासारखं वाटतं. पण या एकाच वाक्यात आपण दोन वेगळ्या गोष्टी कोंबतो. कधी लेखकानेच दुय्यम पात्र असं घडवलेलं असतं की ते नायकापेक्षा लख्ख दिसावं आणि त्याच्या उजेडात नायकाची गोष्ट कळावी. कधी मात्र नट समोरच्याच्या वाट्याचं लक्ष ओढून घेतो आणि गोष्ट जागच्या जागी थांबते. टाळ्या दोन्ही वेळा पडतात, त्यामुळे गल्लत होते.

गडकऱ्यांचं 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आलं. त्यातला तळीराम ही एकच भूमिका या दोन्ही गोष्टी दाखवू शकते. कोर्टातल्या अपमानाने सैरभैर झालेल्या नायकाला, वकील सुधाकराला, तो दारूचा पहिला प्याला देतो. विनोद सगळा तळीरामाकडे, आर्य मदिरा मंडळाचा, म्हणजे दारुड्यांच्या मंडळाचा, थाट त्याचा, लोक घरी जाताना म्हणतात ती वाक्यंही बहुतेक त्याचीच. पण गडकऱ्यांनी हे हसू फुकट वाटलेलं नाही. प्रेक्षक तळीरामाबरोबर हसतो, तेव्हा तोही सुधाकराइतकाच बेसावध होतो. पुढे तळीराम मरतो, नाटक चालू राहतं, सुधाकराच्या बायकोची, सिंधूची, परवड सुरूच राहते, आणि मघाशी आपण कशाला हसलो ते मग टोचायला लागतं. तळीराम जितका रंगेल तितका सुधाकराचा ऱ्हास जिव्हारी लागतो.

आता तोच प्रवेश दुसऱ्या तऱ्हेने पाहा. असे प्रयोग मी फोंडा तालुक्यात पाहिले आहेत. सुधाकर प्याला हातात घेऊन थबकलेला, ओठांपर्यंत न्यावा की नाही अशा घालमेलीत. त्याच क्षणी तळीराम मागे खुर्चीला अडखळतो, उपरणं सावरतो, पुढच्या रांगेतल्या ओळखीच्या माणसाकडे बघून भुवई उडवतो, वर गावातल्या निवडणुकीवर पदरचं एक वाक्य टाकतो. मांडव हशाने दणाणतो. सुधाकराने प्याला कधी तोंडाला लावला, ते कोणाला दिसतच नाही! ज्या क्षणासाठी नाटक लिहिलं तोच वाहून गेला. नट गुणी असेल, पण त्याने त्या रात्री नाटकाचं नुकसान केलं, असंच मी म्हणेन. तालमीत हे लक्षात येतं, पण हौशी मंडळींत त्याला थांबवायला कोणी धजत नाही, कारण गर्दी त्याच्याच नावावर जमते.

फरक ओळखायचा तर समोरच्या नटाकडे बघावं. दुय्यम पात्र खरोखर उजवं असेल तर त्याच्यासमोर नायकही खुलतो, त्याला प्रतिक्रिया द्यायला काहीतरी मिळतं. लक्ष पळवणाऱ्यासमोर तो नुसता खांबासारखा उभा राहतो, हशा ओसरायची वाट बघत.

नायकच मुळात मिळमिळीत निघाला आणि म्हणून बाजूचा उठून दिसला, हा प्रकार वेगळा. त्यात कोणाचं श्रेय नाही.

'संशयकल्लोळ'मध्ये प्रेमकथा आणि पदं अश्विनशेठ-रेवतीची. पण लोक जातात ते फाल्गुनरावासाठी, आणि त्याच्या संशयावरच देवलांनी सगळा डोलारा उभा केला आहे. तो कोणाचं काही हिरावून घेत नाही.

सिनेमात लक्ष पळवणं तितकं सोपं नसतं. चेहरा कोणाचा आणि किती वेळ दाखवायचा, हे दिग्दर्शक आणि संकलक ठरवतात. त्यामुळे पडद्यावर छोटी भूमिका मोठी झाली तर त्यामागे बहुतेकदा कोणाचा तरी विचार असतो. 'शोले'तल्या सांभाचं लोकांच्या लक्षात राहिलेलं वाक्य एकच, "पूरे पचास हजार". पण ते गब्बरच्या प्रश्नाचं उत्तर आहे, आणि त्या उत्तराने वजन वाढतं ते गब्बरचं. 'अशी ही बनवाबनवी'त सुधीर जोशींचा घरमालक विश्वासराव सरपोतदार मोजक्या प्रवेशांत दिसतो आणि अशोक सराफांसारख्या नटासमोर तसूभरही कमी पडत नाही. तरी तो उपरा वाटत नाही. त्याने भाडेकरूंना घराबाहेर काढलं नसतं तर लीलाबाईंचं भाड्याचं घर नाही, त्यासाठी पुरुषांनी नेसलेल्या साड्या नाहीत आणि पुढची धमालही नाही. सरपोतदार काढून टाका, सिनेमाच उरत नाही.

मालिकेचं गणित आणखी निराळं. सिनेमा एकदा कापून झाला की झाला. मालिका चालू असताना लेखकाला लोकांची आवड कळत असते. शेजारच्या सिंधुदुर्गातली 'रात्रीस खेळ चाले' गोव्यातही घरोघरी पाहिली गेली, भाषा आपल्या कानाची म्हणूनही. २०१६ च्या पहिल्या पर्वात घरातले कर्ते अण्णा नाईक सुरुवातीलाच मरतात. २०१९ मध्ये दुसरं पर्व आलं ते त्यांच्याच जिवंतपणीची गोष्ट घेऊन, आणि त्यात त्यांची प्रेयसी शेवंता घराघरांत पोचली. घरच्या गड्याचं, पांडूचं "इसारलंय" (विसरलो) तर पोरांच्या तोंडी बसलं. पांडू करणारे प्रल्हाद कुडतरकर मालिकेच्या लेखनातही होते, त्यामुळे कुठे बोलायचं आणि कुठे गप्प बसायचं हे त्यांना नेमकं ठाऊक असणार.

राहिला संकासुर, जो उत्तर गोव्यातल्या पेडण्याकडच्या माणसाला या चर्चेत आधी आठवेल. दशावतार या लोकनाट्यात हा राक्षस वेद चोरतो आणि विष्णूच्या हातून मरतो, म्हणजे कथेच्या हिशेबात पराभूतच. पण काळा वेश आणि लांब लाल जीभ घेऊन तो आला की झोपलेली पोरं उठून बसतात. त्याचं बोलणं लिहिलेलं नसतं, गाव बघून तो सुचेल ते बोलतो. वर सांगितलेल्या तळीरामानेही हेच केलं होतं, तरी संकासुराला मी दोष देणार नाही. त्या वेळी रंगमंचावर दुसऱ्या कोणाची घालमेल चाललेली नसते. ती जागा परंपरेनेच त्याच्यासाठी मोकळी सोडली आहे, आणि विष्णूची वेळ झाली की तो मुकाट्याने मार खातो.