मुद्दाम आणलेली धडधड

पॅनिक अटॅकवरच्या उपचारात थेरपिस्ट रुग्णाला चक्क फिरत्या खुर्चीत बसवून गरगर फिरवते. कधी जागच्या जागी धावायला लावते, कधी बारीक स्ट्रॉमधून मिनिटभर श्वास घ्यायला सांगते. चक्कर येते, धाप लागते, छाती धडधडते. ज्या गोष्टींनी तो माणूस महिनोन्‌महिने धास्तावलेला असतो, नेमक्या त्याच!

ऐकायला हे निर्दय वाटतं. पण पॅनिकमध्ये काय होतं ते पाहा. छातीत जरा धडधडलं की मनात येतं, 'हार्ट अटॅक!' त्या भीतीने अ‍ॅड्रेनलिन वाढतं, धडधड आणखी वाढते. ईसीजी नॉर्मल येतो, तरी माणूस लोकलमध्ये चढेनासा होतो. लोकल टाळली की लगेच हायसं वाटतं, आणि खरी गोम तिथेच आहे. 'टाळलं म्हणून वाचलो' हेच मेंदू शिकतो. म्हणूनच धडधड मुद्दाम आणायची, म्हणजे तिने काही होत नाही हे मेंदूला कळतं.

१९२४ साली मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या चिमुरड्याची हकिकत प्रसिद्ध केली. तो आवडीचं खात असताना पिंजऱ्यातला ससा दूर ठेवायचा आणि हळूहळू जवळ आणायचा. शेवटी पीटर सशाला आपली बोटं कुरतडू द्यायला लागला.

आजची थेरपिस्टही अशीच शिडी लावते. आधी नुसतं प्लॅटफॉर्मवर उभं राहायचं, मग दुपारच्या स्लो लोकलने एक स्टेशन, मग फास्ट लोकल. निघण्यापूर्वी 'काय होईल असं वाटतं' ते वहीत लिहायचं: 'मी बेशुद्ध पडणार.' परत आल्यावर, खरंच काय झालं तेही.

सगळ्यात अवघड असतं ते पाण्याची बाटली आणि सोबतीला येणारा भाऊ यांना घरी ठेवणं. ती सोबत असली की श्रेय त्यांनाच जातं. 'कशाला त्रास करून घेतोस, रिक्षाने जा' असं घरचे मायेनेच म्हणतात, पण त्या मायेवर आजार पोसला जातो. हे घरच्यांनाही नीट समजावून सांगायला हवं, असं मला फार वाटतं.

हृदयविकार, दमा किंवा गरोदरपण असेल तर खुर्ची, धावणं, स्ट्रॉ असले प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायचे नाहीत. काहींना सोबत औषधंही लागतात. कुणाकडे जावं हेच कळत नसेल तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

जुनी भीती मेंदूतून पुसली जात नाही. तिच्या शेजारी नवी आठवण तयार होते. म्हणून सराव वेगवेगळ्या ठिकाणी करायचा. लोकल जमली तरी लिफ्टमध्ये, गर्दीच्या लग्नात पुन्हा धडधडू शकतं. त्या दिवशी उपचार फुकट गेले असं समजू नये. वही काढावी आणि पुढची पायरी लिहावी.