क्रॉस-कंट्री स्कीइंग : सराव व विश्रांती

बर्फावरील चढ, उतार आणि सपाटी स्कीने पार करण्याच्या शर्यतींसाठी वर्षभर केला जाणारा सराव आणि त्यातून होणारी शरीराची झीज भरून काढण्याची पद्धत. या खेळात पायांइतकेच हात, खांदे आणि पोटाचे स्नायू राबतात. त्यामुळे प्राणवायू वापरण्याच्या क्षमतेत हे खेळाडू सर्व खेळांत अग्रभागी असतात. शर्यती जेमतेम तीन मिनिटांच्या स्प्रिंटपासून सुमारे दोन तास चालणाऱ्या ५० किमी.पर्यंत असतात, आणि अनेकदा दोन्हींत तोच खेळाडू उतरतो.

सरावाचे वर्ष मे महिन्यात सुरू होते, म्हणजे बर्फ वितळल्यावर. उन्हाळाभर धावणे, वजने उचलणे, हातात काठ्या घेऊन डोंगर चढणे आणि डांबरी रस्त्यावर रोलर स्की चालवणे असा क्रम असतो. रोलर स्की म्हणजे दोन टोकांना चाके लावलेली आखूड पट्टी. बहुतेकींना ब्रेक नसतो, त्यामुळे उतारावर भीती वाटते ती खरीच असते. काठ्या टेकत उड्या मारल्यासारखे चढण्याच्या व्यायामाला नॉर्वेत ‘एल्गहुफ्स’ म्हणतात. त्यातील ‘एल्ग’ म्हणजे मूस, तिकडचे महाकाय हरीण. फिनलंडमधील वुओकाट्टी येथे १९९७ पासून बर्फाचा बोगदा आहे, त्यामुळे तेथे भर उन्हाळ्यातही खऱ्या स्की पायांत चढवता येतात.

या सरावाचा गाभा मात्र नवख्याला अनपेक्षित वाटेल असा आहे : बहुतेक वेळ सावकाश जायचे. नॉर्वेची मारित ब्योर्गेन (ऑलिंपिकमध्ये १५ पदके, त्यांपैकी ८ सुवर्ण) हिच्या सराव-नोंदवह्यांचा संशोधकांनी अभ्यास केला. तिच्या सर्वोत्तम हंगामांत वर्षाला सुमारे ९४० तास सराव भरला. सहनशक्तीच्या सरावापैकी ९० टक्क्यांहून अधिक वेळ हलक्या तीव्रतेचा होता, म्हणजे धाप न लागता गप्पा मारता येतील इतका. नॉर्वेत तीव्रतेच्या पाच पायऱ्या मानतात. हृदयाचे कमाल ठोके मिनिटाला १९० असतील, तर पहिली, म्हणजे सर्वांत हलकी पायरी साधारण ११५ ते १३५ ठोक्यांची. ती ओलांडू नये म्हणून जगज्जेते खेळाडूही उभ्या चढावर चक्क चालू लागतात. तिथे धावण्याचा मोह आवरणे हे कौशल्यच म्हणायला हवे.

उरलेला थोडा वेळ खऱ्या कष्टांचा असतो, उदा., आठ-आठ मिनिटांच्या पाच फेऱ्या. तेथेही लगाम असतो. फेरी संपवून घामाघूम खेळाडू काठ्यांवर रेलून उभा राहतो. प्रशिक्षक त्याच्या कानाची पाळी पुसून बारीक सुई टोचतो आणि रक्ताचा थेंब छोट्या यंत्राच्या पट्टीवर घेतो. लॅक्टेटचा (जोराच्या श्रमाने रक्तात वाढणाऱ्या पदार्थाचा) आकडा ठरल्यापेक्षा वर गेला, तर पुढची फेरी हळू करावी लागते. आज जास्त जोर लावला, तर उद्याचे दोन्ही सराव कच्चे होतात, हे त्यामागचे कारण.

भरपाईची सुरुवात सराव संपताच होते, आणि पहिले काम अगदी साधे असते : ओला सदरा काढून कोरडा घालणे. नंतर खाणे. दिवसातून दोनदा सराव असल्यास पहिल्या काही तासांत शरीराच्या दर किलो वजनामागे ताशी सुमारे १ ग्रॅम पिष्टमय पदार्थ घ्यावेत असे मानतात, कारण स्नायूंतील ग्लायकोजेनचा (साठवलेल्या साखरेचा) साठा पूर्ण भरायला एरवी दिवसभर लागतो. दुपारची झोप हा वेळापत्रकाचाच भाग. बर्फाच्या पाण्यातील डुबकीने अंगदुखी कमी होते, पण शक्तिव्यायामानंतर ती रोज घेतल्यास स्नायू बळकट होण्यात अडथळा येऊ शकतो. मालिशनेही बरे वाटते, परंतु झोप आणि जेवण यांपुढे या दोन्हींचे महत्त्व दुय्यमच.

सर्वांत मोठी धास्ती सर्दीची. घसा खवखवताच सराव थांबवतात आणि महत्त्वाच्या शर्यतींआधी हस्तांदोलनही टाळतात. थंड, कोरडी हवा वर्षानुवर्षे वेगाने ओढल्याने श्वासनलिकांना इजा होते आणि या खेळाडूंत दम्याचे प्रमाण मोठे आहे. विश्वचषकाच्या नियमांत उणे २० अंश सेल्सियस ही मर्यादा मानतात. पण सराव त्याआधीच घरात हलवणे किंवा श्वास उबदार करणारा मुखवटा लावणे शहाणपणाचे. औषधालाही मर्यादा असतात. दम्यावरील औषधाची परवानगीपेक्षा जास्त मात्रा आढळल्याने नॉर्वेच्या मार्टिन योन्सरुड सुंडबीवर २०१६ मध्ये दोन महिन्यांची बंदी आली.

उंचावरील शिबिरांत, उदा., इटलीतील सुमारे १,८०० मी. उंचीच्या लिविन्यो येथे, पहिले काही दिवस मुद्दाम हलके ठेवतात. विरळ हवेत नेहमीचाच वेग शरीराला महाग पडतो आणि थकवा भरून यायलाही जास्त वेळ लागतो. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या मार्गांची कमाल उंचीही १,८०० मी.च. भारतीय खेळाडूंची अडचण इथे लक्षात येते : गुलमर्ग सुमारे २,६५० मी. उंचीवर आहे आणि औलीचे उतारही २,५०० मी.च्या वर. म्हणजे घरचा बर्फच शर्यतीच्या कमाल उंचीहून कितीतरी वर, आणि तिथे हलका सराव खरोखर हलका ठेवायचा, तर युरोपातल्या खेळाडूपेक्षाही सावकाश जावे लागते.