वणव्यापासून घर-अंगण वाचवायची तयारी (कॅलिफोर्निया)

जंगल-झुडपांना लागून असलेलं घर वणव्यात पेटू नये म्हणून घराचं बांधकाम आणि भोवतालची जागा आधीच तशी करून ठेवायची पद्धत. आपल्याकडच्या वनखात्याच्या जाळरेषेशी हिची गल्लत करू नये, जाळरेषा आग पुढे पसरू नये म्हणून असते आणि इथे वणवा येणारच हे धरून चालतात.

घराभोवती मोकळी जागा राखायची सक्ती कॅलिफोर्नियात साधारण 1960 च्या दशकापासून आहे, आधी 30 फूट होती, 2005 पासून 100 फूट किंवा आपली हद्द संपेल तिथपर्यंत. या अंतरावरून अभ्यासकांत बराच वाद आहे. अमेरिकन वनसेवेतले जॅक कोहेन यांनी 1990 च्या दशकात कॅनडाच्या उत्तर भागात मुद्दाम जंगल पेटवून त्यासमोर लाकडी भिंती उभ्या केल्या, तर 10 मीटरवरच्या काही पेटल्या पण 20-30 मीटरवरच्या पेटल्या नाहीत, म्हणजे ज्वाळांच्या धगीने लांबची घरं जळत नाहीत, ती जळतात वाऱ्याबरोबर उडत येणाऱ्या निखाऱ्यांनी, जे कधीकधी दीड-दोन किलोमीटरवरून येतात. दुसरं मत असं की दाट वस्तीत जळतं घरच शेजारच्या घराला पेटवतं, तिथे अंगण कितीही साफ असलं तरी पुरत नाही. नोव्हेंबर 2018 मध्ये पॅराडाइज गावात आणि आसपास वणव्यात 18,000 हून जास्त इमारती गेल्या आणि 85 माणसं दगावली, तिथे राख झालेल्या घरांशेजारी हिरवी झाडं उभी होती, त्यामुळे निखाऱ्यांनी घरं पेटतात हे म्हणणं जास्त पटतं, फक्त दोन घरांतलं अंतर त्यात धरायलाच हवं.

म्हणूनच आता सगळा भर भिंतीपासूनच्या पहिल्या 5 फुटांवर आहे. लोक लांबची झाडं छाटत बसतात आणि छपराच्या पन्हळीत पाइनच्या सुया (त्या झाडाची सुईसारखी वाळकी पानं) तशाच राहतात, निखारा नेमका तिथेच पडतो. खिडकीखालचं जुनिपरचं झुडूप, लाकडी कुंपण भिंतीला टेकतं तो कोपरा, दाराबाहेरचं काथ्याचं पायपुसणं, भिंतीलगतचं लाकडी तुकड्यांचं मल्चिंग, हे सगळं काढून खडी किंवा फरशी टाकावी. पोटमाळ्याच्या झरोक्यांना 3 मिमीची किंवा त्याहून बारीक धातूची जाळी लावावी, नाहीतर घर आतून पेटतं आणि बाहेरून कळतही नाही. त्यापुढे गवत 4 इंचांच्या आत ठेवणं, सरपण 30 फुटांपलीकडे रचणं वगैरे नेहमीचंच. 2008 पासून अशा भागातल्या नव्या घरांना आगरोधक बांधकामाचे नियम लागू आहेत, जुन्या घरांचं काम मालकाच्या खिशावर.

भिंतीलगतचा हा 5 फुटांचा पट्टा मोकळा ठेवायचा कायदा 2020 मध्ये झाला, पण नियमावली 2023 ची मुदत उलटूनही रखडली. जानेवारी 2025 मध्ये लॉस एंजेलिस परिसरात पॅलिसेड्स आणि ईटनच्या आगी लागल्या, त्यानंतर गव्हर्नरनी वर्षअखेरची नवी मुदत घालून दिली. विरोध मुख्यतः शहरातल्या घरमालकांचा, भिंतीलगतची हिरवीगार, पाणी घातलेली झाडं काढायला ते तयार नाहीत.