खुराड्यातली उतरंड आणि माणसाचा स्वभाव

गोव्यात परसात कोंबड्या पाळणाऱ्या घरांतून एक समज फार पूर्वीपासून ऐकू येतो: बळकट कोंबडी दुबळीला सतत टोचतच राहते, तोच सृष्टीचा नियम आहे, आणि माणूसही त्याला अपवाद नाही. या समजाचा पूर्वार्ध अर्धवट आहे, उत्तरार्ध तर निराधार.

कोंबड्यांमधील टोचण्याच्या उतरंडीचे, म्हणजे कोणी कोणाला टोचायचे या ठरलेल्या क्रमाचे, वर्णन नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ थोर्लैफ श्येल्डरुप-एब्बे यांनी १९२२ साली प्रसिद्ध केले. मात्र ही उतरंड एकदा ठरली की भांडणे वाढत नाहीत, उलट कमी होतात. वरच्या कोंबडीने नुसती मान उंचावली तरी खालची बाजूला सरते, आणि दोघींचेही रक्त वाचते. नवी कोंबडी कळपात आली, जागा अपुरी पडली किंवा सर्वांना एकाच भांड्यात दाणे टाकले, की मारामारी पुन्हा पेटते. दुसरीची पिसे उपटणे हा तर बहुधा वेगळाच प्रकार असतो: माती उकरून चोचीने अन्न शोधण्याची ओढ भागली नाही, की ती पिसांकडे वळते.

म्हणून ज्याला आपण कोंबडीचा स्वभाव म्हणतो, त्यातले पुष्कळसे आपण बांधलेल्या खुराड्याचे असते, आणि त्यावरून माणसातल्या जुलमाला निसर्गाचा दाखला देणे मला अन्यायाचे वाटते. माझ्या परसात दाण्यांची भांडी दोन केली, कुळागरातला, म्हणजे पोफळीच्या बागेतला, पाचोळा उकरायला पसरला, तेव्हा सर्वांत खालची कोंबडीही निवांतपणे चरू लागली.