बालीची भातखाचरं आणि पाण्याची पाळी

इंडोनेशियातल्या बाली बेटाच्या प्रत्येक जाहिरातीत दिसणारी ती पायऱ्यापायऱ्यांची हिरवी खाचरं पर्यटकांसाठी रचलेली नाहीत. ती ‘सुबक’ने घडवली. सुबक म्हणजे एका पाटावर भिजणाऱ्या शेतकऱ्यांचा संघ. त्याची मुळं नवव्या शतकापर्यंत जातात. पाणी कुणाला, केव्हा सोडायचं हे ‘पकसेह’ नावाचा प्रमुख आणि शेतकऱ्यांची सभा ठरवते. खानदेशातली पाणी वाटून घेण्याची फड पद्धत पाहिलेल्याला यात फार परकं वाटायचं नाही. फक्त इथे पाट फुटतो तिथे देऊळ असतं आणि पाळी देवळाच्या पंचांगाने चालते.

या व्यवस्थेला पहिला तडा पर्यटनाने दिला नाही, शेतीनेच दिला. १९७०च्या दशकात राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांच्या सरकारने हरितक्रांतीचं बियाणं आणि खतं आणली. जमेल तितक्या वेळा लावणी करा, देवळाच्या तारखांची वाट पाहू नका, असा आग्रह होता. आधी उत्पन्न वाढलं, मग पाण्यावरून ओढाताण सुरू झाली आणि तपकिरी तुडतुड्यांनी पिकं खाल्ली. पूर्वी शेजारची सगळी खाचरं एकदम कापली जात, एकदम पाण्याखाली जात. किडीला आसरा उरत नसे. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ स्टीफन लान्सिंग यांनी हे हिशेब मांडून दाखवलं, तेव्हा कुठे अंधश्रद्धा समजल्या गेलेल्या त्या पंचांगाची किंमत कळली.

पर्यटनही त्याच काळात वाढत होतं. १९६६मध्ये सानूरच्या किनाऱ्यावर जपानच्या युद्धभरपाईतून दहा मजली हॉटेल उभं राहिलं. ते इतकं डोळ्यांत खुपलं की पुढे नारळाच्या झाडाहून, म्हणजे सुमारे १५ मीटरहून, उंच इमारत नको असा नियम आला. १९७१च्या आराखड्यात मोठी हॉटेलं नुसा दुआच्या कोरड्या दक्षिण टोकाला ठेवायची, पर्यटकांनी दिवसा गावं पाहून संध्याकाळी परतायचं, अशी कल्पना होती. कल्पना शहाणपणाची होती, पण पर्यटकाला राहायचं होतं गावातच. शेताकडे उघडणाऱ्या खिडकीला जास्त भाडं मिळतं म्हटल्यावर खोल्या थेट शेतातच बांधल्या जाऊ लागल्या. उबुद आणि चांगू ही त्याची ठळक उदाहरणं.

यात नुकसान फक्त विकलेल्या तुकड्याचं होत नाही. वरच्या टप्प्यावर व्हिला आला आणि पाट बुजला की खालची खाचरंही कोरडी पडतात. परदेशी माणसाला जमिनीची पूर्ण मालकी घेता येत नाही, त्यामुळे दीर्घ मुदतीचे भाडेपट्टे चालतात. शेजारची जमीन महागली की भात पिकवणाऱ्याचा जमीन करही चढतो. मग तोही पट्ट्यावर सही करतो. त्याच्या मुलाला हॉटेलातली नोकरी आधीच बरी वाटत असते.

२०१२मध्ये युनेस्कोने सुमारे १९,५०० हेक्टरचा सुबक भूप्रदेश जागतिक वारसा म्हणून जाहीर केला. त्यातल्या जातीलुविहला आता तिकीट काढून खाचरं पाहायला गर्दी होते.

२०१९मध्ये ६० लाखांहून जास्त परदेशी पर्यटक आले होते. कोरोनाने २०२१मध्ये हा आकडा काही डझनांवर आणला. हॉटेलातली पोरं गावी परतली. ज्यांच्या घरची खाचरं शिल्लक होती, ती चिखलणीला लागली. ज्यांनी जमीन पट्ट्याने दिली होती, त्यांच्या शेतात रिकामे व्हिला उभे होते.