चेतापेशीत थांबलेली प्रथिननिर्मिती सुरू करणारं एन्झाइम

प्रिऑनची, म्हणजे चुकीची घडी पडलेल्या आणि संसर्ग पसरवणाऱ्या प्रथिनांची लागण झालेल्या उंदरांच्या मेंदूत चेतापेशी मरू लागण्याआधीच एक घसरण दिसते. दोन पेशींच्या जोडातली, म्हणजे सिनॅप्समधली प्रथिनं एकाएकी कमी होतात. २०१२ साली इंग्लंडमधल्या लेस्टर इथे जोव्हाना मलुची यांच्या गटाने त्याचं कारण दाखवून दिलं. पेशीने नवी प्रथिनं बनवणंच जवळपास थांबवलं होतं.

हे थांबवणं मुळात बचावासाठीच असतं. नीट घडी न पडलेली प्रथिनं पेशीत साचली की ‘पर्क’ नावाचं एन्झाइम ‘ईआयएफ-२ अल्फा’ या प्रथिनावर फॉस्फेट नावाचा एक छोटा रासायनिक गट चढवतं. प्रथिननिर्मिती सुरू करून देणं हे या प्रथिनाचं काम. फॉस्फेट चढलं की ते अडतं. साचलेलं निस्तरायला पेशीला उसंत मिळते. पण सिनॅप्समधली प्रथिनं सतत मोडत असतात आणि नवी भरावी लागतात, त्यामुळे ही उसंत लांबली की जोडच ढासळू लागतात.

चढलेलं फॉस्फेट उतरवतात ती फॉस्फेटेज एन्झाइम्स. इथे हे काम करतं ‘पीपी-१’. ते पेशीत असंख्य ठिकाणी राबतं आणि कुठे राबायचं हे त्याच्या जोडीला असलेलं प्रथिन ठरवतं. या कामात ती जोडी ‘गॅड-३४’ची. मला सगळ्यात थक्क करणारी बाब अशी, की बाकीची निर्मिती अडलेली असताना जी मोजकी प्रथिनं बनत राहतात, त्यांत गॅड-३४ असतं. बंदी घालतानाच ती उठवण्याची तजवीजही पेशी करून ठेवते!

प्रिऑनच्या आजारात मात्र चुकीच्या प्रथिनांचा ओघ थांबतच नाही आणि उतरण्यापेक्षा चढणाऱ्या फॉस्फेटचं पारडं जड होतं. मलुचींच्या गटाने विषाणूच्या मदतीने उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूच्या स्मृतीशी निगडित भागात, गॅड-३४ वाढवलं. सिनॅप्सची प्रथिनं पुन्हा बनू लागली, चेतापेशी वाचल्या, उंदीर काहीसे जास्त जगले. प्रिऑन मात्र होते तितकेच राहिले. उलट फॉस्फेट उतरू न देणारं ‘सॅल्युब्रिनल’ हे रसायन दिल्यावर ऱ्हास आणखी वेगाने झाला.

म्हणजे फॉस्फेटेजला बळ द्यावं? इतकं सरळ नाही. २०१५ साली केंब्रिजमधल्या अ‍ॅन बर्टोलोत्ती यांच्या गटाने ‘सेफिन-१’ नावाचं रसायन वापरलं. ते गॅड-३४ची जोडी तोडून बंदी लांबवतं, असं त्यांचं म्हणणं. एएलएससारखा, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मरत जाण्याचा आजार असलेल्या उंदरांना त्याचा फायदा झाला. ते रसायन खरोखर असंच काम करतं का, यावर पुढे वाद झाला. उंदरांना झालेल्या फायद्याची दखल मात्र घ्यावीच लागते. शिवाय पर्कलाच रोखणाऱ्या औषधाने प्रिऑनग्रस्त उंदरांचा मेंदू वाचला, पण स्वादुपिंडाला इजा झाली. पाचक रसांची प्रथिनं अखंड बनवणाऱ्या त्या अवयवाला ही बंदी रोजच लागते.

अल्झायमर आणि पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूतही, मृत्यूनंतर तपासल्यावर, ईआयएफ-२ अल्फावर जास्त फॉस्फेट आढळलं आहे. पण ते पेशीच्या बचावाचं होतं की तिच्या नाशाचं, हे केवळ त्या नमुन्यावरून ठरत नाही. आणि ते ठरल्याशिवाय फॉस्फेटेजला गती द्यायची की आवरायचं, हेही ठरवता येणार नाही.