दहन केलं म्हणजे पुनरुत्थान हुकलं का?

देह जाळला तर शेवटच्या दिवशी, म्हणजे मेलेले पुन्हा जिवंत होतील तेव्हा, उठायला काही उरत नाही, म्हणून ख्रिस्ती माणसाचं दहन करूच नये, ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ती चुकीची आहे. पुरलेला देहही कालांतराने मातीत मिसळतो. जिवंत जाळलेल्या हुतात्म्यांचं तर जवळजवळ काहीच उरलं नाही, तरी त्यांच्या आशेवर चर्चने कधी शंका घेतली नाही. बायबलमधल्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १५व्या अध्यायात प्रेषित पौल बियाण्याचा दाखला देतो: पेरलं जातं ते नाशवंत, उठवलं जातं ते अविनाशी. उठवणारा देव आहे. त्याचं सामर्थ्य हाडांच्या शिल्लकीवर अडत नाही.

गैरसमजाला बळ मिळालं ते बंदीमुळे. रोमने, म्हणजे कॅथलिक चर्चच्या केंद्राने, १८८६ मध्ये दहनाला मनाई केली, कारण तेव्हा काही गट ख्रिस्ती श्रद्धेला विरोध म्हणून त्याचा पुरस्कार करत होते. १९६३ मध्ये कॅथलिक चर्चने परवानगी दिली. हेतू मात्र शिकवणीविरोधी नसावा. पसंती आजही दफनालाच आहे, आणि ते रास्तच आहे: ख्रिस्तालाही कबरेतच ठेवलं होतं.

खरी चूक पुढे, रक्षेचं काय करायचं यात होते. कॅथलिक चर्चच्या २०१६ च्या सूचनेनुसार रक्षा हवेत, जमिनीवर किंवा पाण्यात विखुरायची नाही, दागिन्यांत जपायची नाही. घरी ठेवायलाही परवानगी अपवादानेच मिळते. तिची जागा दफनभूमीत किंवा चर्चने नेमलेल्या पवित्र स्थळी.

ऑर्थोडॉक्स चर्च (पूर्वेकडच्या ख्रिस्ती परंपरेतली) सहसा दहन नाकारतात, पण ते देहाच्या सन्मानासाठी. जळालेला देह देवाला उठवता येणार नाही, असं तीही शिकवत नाहीत.